वल्हवण्यात गेलेला वेळ

गेल्या मे महिन्यात सुट्टीचे चार दिवस आम्ही मालवणजवळच्या एका खाडीकाठी काढले. सकाळची मिस्सा आटोपली की दुपारपर्यंत काम नसे. शेजारच्या मच्छीमार काकांनी आपली जुनी होडी आमच्या हवाली केली. आंब्याच्या खोडातून कोरलेला तळ, त्यावर काथ्याने शिवलेल्या फळ्या आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेली उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून पाण्यावर तरंगणारा ओंडका. काथ्याची शिवण लवचिक असते. लाट आपटली की होडी किंचित वाकते, पण तडकत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही नुसतेच गोल गोल फिरलो. उलांडीला पाणी अडते, म्हणून होडी सारखी त्याच बाजूला वळते. तत्त्वज्ञानाची पदवी तिथे कामास येत नाही. काका काठावरून ओरडले, "फादर, पाण्यावांगडा झगडू नकात!" तिसऱ्या दिवशी जमले. वल्हे पाण्यात शिरतानाचा बारीक आवाज, बुडाखालची लाट लाकडातून थेट मांडीला जाणवणे, हात थांबवला तरी ओहोटीने होडी पुढे सरकणे... काही पकडायचे नव्हते, कुठे पोहोचायचे नव्हते. तरी उठावेसे वाटेना.

आणि तिथेच मनात काटा रुतला. याच होडीत राबून काकांनी मुले वाढवली. ज्या वल्ह्याने त्यांच्या तळहाताला घट्टे पडले, त्याच वल्ह्याने आमची करमणूक! हे योग्य आहे काय?

प्रिय भाविकहो, संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खेळाचा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. तिथे ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला लावले, एकामागून एक, आणि विचारले, "हे असेच सतत चालेल का?" तो म्हणाला, "धनुष्य मोडेल." मनाचेही तसेच, असे योहानाने सांगितले. थॉमस तर पुढे जाऊन कधीच न हसणाऱ्या, दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालणाऱ्या माणसालाही दोष देतात. (आम्हा धर्मगुरूंनी हे अधूनमधून वाचावे.) अट एवढीच, की खेळ त्या माणसाला, स्थळाला आणि वेळेला शोभणारा हवा, कोणाला इजा करणारा नको.

म्हणजे वल्हवणे निर्दोष ठरले. आमचा दोष निराळाच निघाला. काकांच्या मुलाने फायबरची होडी घेतली आहे. ती हलकी असते, तिला तेल पाजावे लागत नाही, शिवण उसवून पुन्हा घालावी लागत नाही. आम्ही मोठ्या शहाणपणाने त्याला म्हणालो, "अरे, लाकडाची मजा वेगळीच."

तो हसला. "फादर, मजा तुमका. शिवची लागता आमका."

आम्ही गप्प झालो. आनंद घेण्यात पाप नव्हते. आपल्या आनंदासाठी दुसऱ्याने जुन्याच कष्टात राहावे, ही इच्छा मात्र स्वार्थी होती, आणि ती आम्ही परंपरेच्या प्रेमाचे नाव देऊन बोलून गेलो होतो.

शेवटच्या दिवशी काकांनी पावसापूर्वी होडी वर ओढली. आम्ही काथ्याचे टोक धरून बसलो. दोन तासांत बोटे सोलवटली, आणि खरे सांगायचे तर त्यातही सुखच वाटले. काका मात्र मध्येच उठून चहाला गेले.