सोसेना तो नाद

उतारवयात कित्येकांना भांड्यांचा खणखणाट, टाळांचा गजर सोसेनासा होतो. घरचे म्हणतात, "हळू बोललेलं ऐकू येत नाही, अन् मोठ्यानं बोललं की कान झाकता!" बाबांनो, हे ढोंग नव्हे. अंतःकर्णातल्या बारीक केसांच्या पेशी झिजतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदू आलेला नाद वाढवून घेतो, असे जाणते सांगतात. म्हणून बारीक आवाज निसटतो, मोठा टोचतो. कानांत सदोदित बोळे घातले तर ही नाजूकता वाढतेच. कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. अन् आपण काय करावे? दिंडीत असा म्हातारा शेजारी चालत असेल, तर टाळ जरा बेताने वाजवावा. भूतदया ती आणखी कोणती? पांडुरंगाला हळू टाळही पोचतो. रामकृष्णहरी!