पाठविणारा आणि पाठविलेला

‘मिशन’ हा शब्द आपल्या कानांना नवा नाहीं. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईंत आले, तेव्हांपासून शाळा, दवाखाना आणि धर्मांतराचा वाद यांच्या संगतीनें तो आपल्याकडे रुळला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र ‘पाठविणें’ एवढाच. मग पाठविणारा कोण, हा प्रश्न ओघानेंच येतो. १९५२ सालीं जर्मनींतील विलिंगेन येथें आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली. तिच्यानंतर ख्रिस्ती विचारवंतांत असें मत बळावलें कीं, मिशन हें मुळांत ईश्वराचें कार्य आहे आणि चर्च ही त्यांतील केवळ सेविका होय. पुढें क्रिस्टोफर राइट यांनीं २००६ सालच्या आपल्या ग्रंथांत सबंध बायबलच या दृष्टीनें वाचून दाखविलें.

या वाचनास आधार नाहीं असें नव्हे. उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहामास घरदार सोडावयास सांगितलें जातें, तें पृथ्वीवरील सर्व कुळांना त्याच्या द्वारें आशीर्वाद मिळावा म्हणून. तथापि विचारी वाचकाच्या मनांत येथें एक भय उभें राहतें. ‘मला ईश्वरानें पाठविलें आहे’ अशी ज्याची निष्ठा झाली, त्यानें समोरच्या माणसाचें कां ऐकून घ्यावें? अशा निष्ठेच्या हातीं राजसत्ता आली म्हणजे काय होतें, हें इतिहासानें पुष्कळदां दाखविलें आहे.

या भयाचें उत्तर बायबलांतच, योनाच्या चार लहानशा अध्यायांत आहे. योनाला निनवे नगरीस जाण्याची आज्ञा होते. निनवे ही अश्शूरांची नगरी, ज्यांनीं इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचें उत्तरेकडील राज्य बुडविलें, त्यांची. योना उलट दिशेस जाणाऱ्या गलबतांत चढतो. वादळ उठतें, तेव्हां प्रेषित तळाशीं झोंपलेला असतो; परधर्मी खलाशी मात्र पुढें त्याला वांचविण्यासाठीं जिवाच्या आकांतानें वल्हीं मारतात! शेवटीं तो निनवेस जातो, नगरी पश्चात्ताप करते, आणि ती वांचली म्हणून योना संतापतो. सांवली देणारा वेल सुकल्याचें त्याला दुःख होतें. लाखावर माणसांविषयीं होत नाहीं.

या कथेंत खरा पालट कोणाचा व्हावयाचा आहे? नगरीचा तर झाला. राहिला तो पाठविलेला. मिशन ईश्वराचें आहे असें म्हणण्याचा नैतिक अर्थ मला येथें सांपडतो: पाठविलेल्याला करुणेवर मालकी सांगतां येत नाहीं, शत्रूच्या घरींही ती आपल्या आधीं पोंचलेली असूं शकते.

अर्थात् कोणत्याही एका भिंगांतून सारेंच दिसत नाहीं. ईयोबाचा आक्रोश या सूत्रांत सहज ओवतां येत नाहीं. कनान जिंकतांना झालेल्या संहाराच्या कथा तर ओवूं नयेत असेंच वाटतें. त्यांना ‘ईश्वरी योजना’ म्हणून मोकळें होणें म्हणजे मेलेल्यांची हांक न ऐकणें होय.

म्हणून या वाचनाची कसोटी योनाच्याच पुस्तकाकडून घ्यावी. तें पुस्तक एका प्रश्नानें संपतें: एवढ्या मोठ्या नगरीची, तेथील माणसांची आणि गुरांचीही कींव ईश्वरानें करूं नये काय? योनानें काय उत्तर दिलें, तें लिहिलेलें नाहीं. जो कोणी स्वतःस पाठविलेला समजतो, त्यानें बोलण्यापूर्वीं तें द्यावें.