पगार कुणाच्या खिशातून येतो?

इंजिनिअर झालेल्या मुलाच्या हाती दोन नोकऱ्यांची पत्रे आली की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, ‘पॅकेज कितीचं?’ प्रश्न चुकीचा नाही. ज्या घराने कर्ज काढून फी भरली, त्या घराने तो विचारायचाच. त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे: हा पगार येतो कुणाच्या खिशातून?

आमच्या उर्दू शाळेत शिकलेली, पुढे सांगलीत इंजिनिअर झालेली एक मुलगी 2025 च्या उन्हाळ्यात या पेचात सापडली. अब्बा मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे हमाल. डोक्यावर शैक्षणिक कर्ज. एक पत्र होते दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या पुण्यातल्या लहान कंपनीचे. दुसरे होते पैसे लावून ऑनलाइन रमी खेळवणाऱ्या कंपनीचे. पगार दुपटीहून अधिक. काम काय, तर खेळणे सोडलेल्या माणसाला बोनसचे आमिष दाखवून परत आणणारी यंत्रणा सांभाळायची.

जुगार हराम, हे मोहल्ल्यातले लहान मूलही सांगेल. पण नातेवाईक म्हणाले, ‘बेटी, तू कहाँ पत्ते खेलनेवाली है?’ शिवाय रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच म्हटले होते. आणि तू नाही गेलीस तर दुसरे कुणी जाईलच!

हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आजच्या जगात अगदी निर्मळ पैसा कुठे सापडतो? पण एक कसोटी लावता येते. सगळे ग्राहक उद्या शहाण्यासारखे वागू लागले, तर कंपनी चालेल का? दवाखान्याचे सॉफ्टवेअर चालेल. रमीच्या कंपनीला प्रत्येक डावामागे कमिशन मिळत असे. जो वेळीच थांबला, तो तिच्या दृष्टीने गमावलेला ग्राहक. म्हणजे माणसाला थांबू न देणे हाच तिथला धंदा, आणि नेमके तेच काम या मुलीच्या हाती येणार होते. दुसऱ्या कुणी ते केले तर त्याचा हिशेब तो देईल.

तिने लहान कंपनी निवडली. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. कौशल्य की नशीब, हा भेदही त्यात उरला नाही. कंपन्यांनी ते खेळ बंद केले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. मोहल्ल्यात लोक म्हणू लागले, ‘बघा, पोरगी वाचली!’

आम्हाला हे बोलणे पटत नाही. कायदा आलाच नसता तर तिचा निर्णय चुकला असता का? जे काम 23 ऑगस्टला वाईट ठरले, ते 20 ऑगस्टलाही तसेच होते. फायदा झाला म्हणून निर्णय योग्य मानला, तर उद्या तोटा झाल्यावर आपण तिला मूर्ख ठरवू. आणि नोकरी गेलेली ती मुलेही कुणाची तरी कर्ज फेडणारी लेकरेच आहेत. त्यांच्यावर हसण्याचा हक्क आपल्याला नाही.

मात्र खरा प्रश्न तिच्यापेक्षा आपल्याला आहे. ‘हराम आहे, सोड’ हे सांगायला पैसा लागत नाही. सोडण्याची किंमत मोजतो तो पोती उचलणारा बाप. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, तेव्हा मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने मोडले. म्हणून त्या घराच्या उपदेशाला वजन होते. आपल्या जमातीत, ट्रस्टमध्ये, शिकल्यासवरलेल्या नोकरदारांत मिळून अशा मुलांच्या कर्जाचे चार हप्ते कर्ज-ए-हसना म्हणून उचलण्याची ऐपत नक्कीच आहे. ते करायची तयारी नसेल, तर मोठा पगार नाकारण्याचा सल्ला द्यायला निदान आपण तरी पुढे होऊ नये.