भाकीत आलं, आपण गेलो नाही

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोलाकार ठेवलेली धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पाहणी करून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. ऐकायला शेतकरी जमतात.

मी पुण्यात कोडिंग करतो. भाकीत मला चहा उकळायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतं. माझा त्यावर विश्वास नाही. रात्रीतून दाणे हलले, याचा पावसाशी संबंध मला लागत नाही. म्हणजे गंमत बघा: जे पटत नाही ते मी वाचतो. आणि अनोळखी लोकांसोबत पहाटेची वाट बघणं, जे खरं आहे, तेवढंच सोडतो.

शुक्रवारी पबचं, गाण्याच्या कार्यक्रमाचंही हेच. तिकीट, कॅब, ट्रॅफिक. मग 'जाऊ दे, रील्स येतीलच.' पैशाचं कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. भेंडवळला कुठे तिकीट आहे?

रील येते, कारण कुणीतरी तिथे उभं होतं. त्याच्या जाण्यावर आपण घरबसल्या जगतो. न जाणं हा आपला हक्कच. पण तो सगळ्यांनी वापरला तर स्क्रीनवर रिकामं शेत दिसेल.

येत्या अक्षय्य तृतीयेला मी सुट्टी टाकणार आहे. भाकीत चुकलं तरी चालेल.