वाट दाखवणाऱ्याची कसोटी

ठाणे किंवा डोंबिवली स्थानकावर पांढरी काठी घेतलेला माणूस दिसला की मदतीचे हात पुढे येतात. त्यांतला एखादा हात काही न विचारता त्याचा दंड धरतो आणि त्याला पुलाकडे ओढत नेतो. कदाचित त्याला पुलाकडे जायचेच नसते. हेतू नेक, तरी या मदतीत काहीतरी उणे राहते. ते काय असावे?

दोघांनी मिळून चालवायच्या टँडम सायकलीकडे पाहा. पुण्याच्या ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन’ने अंध आणि डोळस स्वारांना अशा सायकलींवर एकत्र आणले. संस्थापक दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी वयाच्या १९व्या वर्षी काचबिंदूने गेली. २०१६ मध्ये अशा जोड्यांनी मनालीहून खारदुंग ला गाठण्याची मोहीम केली. पुढे डोळस स्वार, मागे अंध. हँडल पुढच्याच्या हाती. पण दोघांची पायडले साखळीने जोडलेली, त्यामुळे चढणीवर मागच्याचे बळही तितकेच लागते. खड्डा, वळण, ब्रेक हे सारे पुढच्याने वेळेआधी बोलून सांगायचे असते. त्या शब्दावर मागचा निर्धास्त बसतो. तो शब्द म्हणजे अमानतच.

हेच नाते मदीनेत होते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) अंध होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मुअज्जिनही. हदीसमध्ये येते की, लोक ‘पहाट झाली’ असे सांगत, तेव्हा ते फजरची अजान देत. आणि रमजानमध्ये त्या आवाजावर लोक सहरीचे खाणेपिणे थांबवत. डोळे इतरांचे, आवाज त्यांचा. सांगणाऱ्याने त्यांच्यावर उपकार केला, असे कोण म्हणेल? त्या अजानेची गरज तर साऱ्या वस्तीलाच होती. याच सहाबींच्या संदर्भात सूरह अबसच्या आरंभीच्या आयती अवतरल्या. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना आलेल्या या अंध जिज्ञासूकडे दुर्लक्ष झाले, ते अल्लाहला रुचले नाही.

दृष्टी अधू असलेल्याला वाट दाखवणे हा सदका आहे, अशी हदीस आहे. पण सूरह बकराची ताकीदही विसरू नये : उपकार बोलून दाखवला आणि मन दुखावले, तर सदका वाया जातो. सोबत्याला न विचारता काढलेले आणि ‘मी याला फिरवले’ म्हणून मिरवलेले छायाचित्र याच दोषाजवळ जाते. चढणीवर दोघांनी घाम गाळला, मग श्रेय एकट्याचे कसे?

फजरनंतर उपवन तलावाकाठचा रस्ता अजून शांत असतो. टँडम सायकल मिळाली तर उत्तमच. नाहीतर मोहल्ल्यातील अंध भावासोबत मशिदीपर्यंत चाला. त्याचा हात धरू नका; आपले कोपर पुढे करा आणि आधी विचारा, “कुठे जायचे आहे?” स्थानकावरच्या त्या मदतीत उणा होता, तो हाच प्रश्न.