चौपट परतफेड

२०१८ च्या ‘सिंबा’ या हिंदी चित्रपटात गोव्यातील एक लाचखोर पोलीस अधिकारी एका तरुणीच्या हत्येने हादरून पालटतो आणि आरोपींना बनावट चकमकीत ठार करतो. प्रियजनहो, इतरांचे रक्त सांडून आपले पाप धुतले जाते काय?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना खोटे आळ घेऊन पैसा उकळण्यास मनाई केली (लूक ३:१४). तेथील मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच आढळते: जक्कयाच्या तोंडी (लूक १९:८). जे शिपायांना वर्ज्य, तेच या जकातदाराचे पाप. परंतु ख्रिस्त घरी येताच त्याने शस्त्र शोधले नाही. लुबाडलेले चौपट परत करण्यास तो उभा राहिला. परतफेड ही तारणाची किंमत नव्हे, त्याचे फळ होय. आपल्या घरातून आज कोणाचे काय परत जावयास हवे?