दोरी कोणाच्या हातात?

मुलांमध्ये छान रमणारा कार्यकर्ता दिसला, की संस्था त्याला लगेच सांगते, 'आता तू इतरांना तयार कर.' हेतू चांगलाच असतो. पण मुलांसोबत काम करणं वेगळं आणि ते काम मोठ्यांना शिकवणं वेगळं. मूल कंटाळलं की चुळबुळ करतं, उठून जातं. मोठी माणसं वहीत मान घालून बसतात आणि न समजलेलंही समजल्यासारखं दाखवतात.

स्काऊट चळवळीने हा फरक लवकर ओळखला. १९१९ साली लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये स्काऊट मास्तरांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि ते पूर्ण करणाऱ्यांना दोन लाकडी मण्यांचा वुड बॅज मिळू लागला. प्रशिक्षकांच्या गळ्यात तीन किंवा चार मणी असतात. आपल्याकडे हा बॅज हिमालय वुड बॅज म्हणून ओळखला जातो. दोनाचे तीन मणी व्हायचे, तर जुन्या प्रशिक्षकाच्या जोडीने शिबिरात राबावं लागतं. मला या राबण्याचं मोल मण्यांपेक्षा जास्त वाटतं.

स्काऊटांच्या रीफ गाठीचंच बघा. समोर उभं राहून ती दाखवली, तर शिकणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं आणि गोंधळात भलतीच, सरकणारी गाठ बसू शकते. म्हणून जाणता प्रशिक्षक शेजारी उभा राहतो. नवख्या प्रशिक्षकाला हे सांगून कळतं. पण समोरच्याची गाठ चुकली की नवख्याचा हात आपसूक पुढे जातो, कारण वर्षानुवर्षं मुलांना त्याने तशीच मदत केलेली असते. हे त्याचं त्याला दिसत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या जोडीदाराला दिसतं. मग रात्री जेवणं झाल्यावर तो एवढंच विचारतो, "गाठ शेवटी कोणी बांधली?"

असा प्रश्न विचारायला आधी विश्वास कमवावा लागतो. तो एका दिवसात येत नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत 'मास्टर ट्रेनर' घडवण्याच्या आपल्या सवयीवर माझा आक्षेप आहे. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला असं प्रशिक्षण उतरत जातं, तेव्हा स्लाइड्स शाबूत पोचतात. पण त्या वापरणाऱ्याचं काम कोणीच पाहिलेलं नसतं.

खरी कसोटी ज्येष्ठाची असते. हजेरी, प्रोजेक्टर, चहाची व्यवस्था नवख्याकडे आणि मुख्य सत्र मात्र स्वतःकडे, याला जोडी म्हणता येत नाही. सत्र द्यायचं तर पूर्ण द्यावं, आणि ते डळमळू लागलं तरी जागेवरून उठू नये. नवखा 'असंच का?' विचारतो, तेव्हा वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेल्या गोष्टीचं कारण ज्येष्ठालाही पहिल्यांदा शोधावं लागतं. काही वेळा कारण सापडत नाही आणि ती पद्धत सोडून द्यावी लागते.

एका सत्राला दोन माणसांचा प्रवासखर्च आणि मानधन कशाला, असं हिशेब तपासणारे विचारतात. संस्थांनी तो खर्च अंदाजपत्रकात 'प्रशिक्षक घडवणं' अशा वेगळ्या शीर्षकाखाली उघडपणे मांडावा आणि त्यासाठी भांडावं.